झाकलेली बेरीज

दिल्लीत येऊन आम्हांला बारा वर्षे झाली. पण ‘कसे काय?’ या प्रश्नाला ‘चालले आहे’ असे पडलेल्या आवाजात उत्तर देण्याची आमची सवय काही सुटली नाही. कचेरीतले बडेमियाँ मात्र त्याच प्रश्नाला ‘शुक्र है अल्लाह का’ म्हणत. गुडघे ठणकत असतानाही! आम्हांला तो नुसता शिष्टाचार वाटे.

एकदा अंदाजपत्रकाच्या तक्त्यात आमच्या हातून बेरजेची मोठी चूक झाली. ती बडेमियाँच्या नजरेस आली, आणि रात्री नऊपर्यंत आमच्याशेजारी बसून त्यांनी सारा तक्ता नव्याने जुळवून दिला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तक्त्याची वाखाणणी केली. आम्ही ती मान लववून स्वीकारली, आणि बडेमियाँचे नाव गिळून टाकले.

चार वर्षांनी ते निवृत्त व्हायचे झाले. निरोपसमारंभात आभारप्रदर्शनाचे काम आमच्याकडे आले. भाषण सजवावे म्हणून आम्ही ‘शुक्र’ या शब्दाची चौकशी केली, ती आमच्याच अंगाशी आली. शुक्राच्या विरुद्ध शब्द ‘कुफ्र’. आपण त्याचा अर्थ नास्तिकपणा एवढाच समजतो. पण अरबीत त्याचा मूळ अर्थ आहे झाकणे. आपल्या ‘कृतघ्न’ शब्दात केलेल्याची हत्या आहे, तर येथे त्यावर पांघरूण आहे. आम्ही नेमके तेच घातले होते! जो माणसांचे आभार मानत नाही, तो ईश्वराचेही मानत नाही, अशा अर्थाचे पैगंबरांचे वचनही आढळले. इ. स. ११११ मध्ये निवर्तलेल्या इमाम गझालींनी तर शुक्राची तीन अंगे सांगितली आहेत: देणाऱ्याची जाण, त्या जाणिवेचा आनंद, आणि त्याला साजेशी कृती. आमच्यापाशी जाण तेवढी होती, तीही झाकलेली.

समारंभात, साहेबांच्या देखत, आम्ही त्या तक्त्याची हकीकत सांगून टाकली. सभा क्षणभर स्तब्ध झाली. निघताना बडेमियाँनी आम्हांला एवढेच विचारले, “आता बेरीज खालून वरही करून पाहता ना?”

पाहतो. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाचा तक्ता चुकला, तेव्हा आम्हीही त्याच्याशेजारी उशिरापर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी तो काही बोलला नाही. खरे सांगायचे, तर आम्ही दिवसभर वाट पाहिली. बडेमियाँनी चार वर्षे तशी वाट पाहिली होती काय, हे विचारायचे मात्र त्या दिवशी राहून गेले.