कर्नेल्याच्या घरी आधी काय घडलं

नव्या करारात सर्वांत कडाक्याचा वाद पेटतो तो पंगतीवरून. अंत्युखियात पेत्र यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली आणि तो पानावरून बाजूला झाला, पाठोपाठ बर्णबाही. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हे स्वतः सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत या भांडणाचा उल्लेखही नाही. तिथे 15व्या अध्यायात यरुशलेमेत सभा भरते, यहुदी नसलेल्यांवरची सुंतेची अट सुटते, पण मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि व्यभिचार वर्ज्य ठरतात. पौल मात्र म्हणतो, गरिबांची आठवण ठेवा, याखेरीज माझ्यावर कोणी काही घातलं नाही. ही दोन कथनं ओढूनताणून जुळवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. मला ते पटत नाहीत. न जुळणाऱ्या साक्षी शेजारी शेजारी जपणाऱ्या ग्रंथावर माझा विश्वास उलट वाढतो.

मत्तयाचं शुभवर्तमान तर स्वतःशीच झगडतं. 10व्या अध्यायात येशू बारा शिष्यांना फक्त इस्राएलाच्या हरवलेल्यांकडे धाडतो, 28व्यात सर्व राष्ट्रांकडे. मध्ये 15व्यात मुलीला बरं कर म्हणून येशूला विनवणारी कनानी आई आहे. मार्काच्या कथेत येशू तिला सांगतो की आधी मुलांना जेवू दे. म्हणजे नंतर इतरांची पाळी आहे. मत्तय तो ‘आधी’ गाळतो, नकार अधिक कठोर करतो आणि तरीही बाईलाच जिंकू देतो. माझ्या मते सगळ्या शुभवर्तमानांत वाचायला सर्वांत अवघड जागा हीच.

यहुदी अरुंद आणि ख्रिस्ती उदार, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हे भांडण यहुद्यांचं आपसातलं होतं. पेत्र, पौल, याकोब सगळे यहुदीच. एज्राने परक्या बायका घालवायला लावल्या, आणि त्याच शास्त्रात मवाबी रूथ दावीद राजाची पणजी आहे.

दुर्गच्या बोरसीत राहून हा विषय शिकवताना मला ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांची आठवण होणं अपरिहार्य आहे. दुर्गपासून राजनांदगाव जवळच. नागपूरहून तिथे रेल्वेने जाताना त्यांना डब्यात एक परदेशी पाद्री भेटला आणि त्याने नवा करार हाती दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढचा अंत्युखिया त्यांच्या घरातच होता: बाप्तिस्म्यानंतर दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ परत आल्यावरही आपलं स्वयंपाकपाणी वेगळं ठेवत. ते सोवळं कसं गळत गेलं, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचावं. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पेत्राचं पानावरून उठणं मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

1917 साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा होती. मंडळ्यांना हे खटकणं स्वाभाविक होतं. मग दार कुठे आणि उंबरठा कुठे? मी टिळकांच्या बाजूने कृत्यांचा 10वा अध्याय ठेवतो. कैसरियात रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी पेत्राचं बोलणं अजून चालूच असताना पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरतो. सुंता नाही, बाप्तिस्मा नाही, कोणाची परवानगी नाही. पेत्राबरोबर आलेले चकित होतात.

टिळकांच्या टीकाकारांनाही याच अध्यायाचा आधार आहे, हे मान्य करायला हवं: पेत्राने त्या घराला बाप्तिस्मा द्यायला सांगितलंच. पण का, तेही तो तिथेच सांगतो. आपल्याला मिळालं तेच यांना मिळालेलं आहे, मग पाणी अडवणारे आपण कोण? तिथे पाणी देवाच्या मागून आलं. दरबाराला टिळकांच्या हयातीतली दोनेक वर्षंच मिळाली. 9 मे 1919ला ते गेले. त्यांच्या आवारात बसलेल्या बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला आमच्या मंडळ्यांनी अजून उत्तर द्यायचं आहे.