मधला डबा

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांची बदली झाली आणि लॅबच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. बी.एड.ला माझ्या अध्यापन पद्धतीही याच दोन भाषांच्या होत्या. पण घरचं वायफाय मी स्वतः बसवलंय, हे हेडमास्तरांना कुठून तरी कळलं होतं. तेवढी पात्रता त्यांना पुरली.

लॅबमध्ये बारा संगणक, एक प्रिंटर, एक राउटर आणि भिंतीवर ठोकलेला एक चपटा डबा. डब्याला सोळा भोकं. त्यातल्या चौदांत निळ्या वायरी खोचलेल्या आणि वर हिरवे दिवे लुकलुकणारे. नववीला 'नेटवर्क टोपोलॉजी' शिकवायची होती, म्हणजे संगणक एकमेकांना कोणत्या रचनेत जोडतात ते. मी आदल्या रात्री पुस्तक घेऊन बसलो.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी एकच लांब केबल असे आणि सगळे संगणक तिच्यावरच जोडलेले असत. तिला 'बस' म्हणतात. ती कुठेही तुटली की सगळंच ठप्प. प्रत्येक संगणक दुसऱ्या प्रत्येकाशी थेट जोडायचा म्हटलं, तर बारा संगणकांना 66 वायरी लागतील. 'स्टार'मध्ये प्रत्येकाची वायर वेगळी, आणि ती सरळ मधल्या डब्याला. बारा संगणक, बारा वायरी. 1990 मध्ये 'टेन बेस टी' हे मानक आलं, त्यात पीळ दिलेल्या तारांच्या साध्या केबलवर अशी जोडणी करायची सोय झाली आणि ती जगभर पसरली. अट एवढीच की डब्यापासून संगणकापर्यंतची केबल 100 मीटरपेक्षा लांब असू नये.

फळ्यावर मी मध्ये गोल काढला, भोवती बारा चौकोन. एक मुलगा म्हणाला, "सर, ये तो सितारा कम, चकरी ज्यादा लगता है." खरंच होतं ते.

त्या डब्याचे दोन प्रकार. जुना 'हब', त्याला डोकं नसतं. एकाने काही पाठवलं की तो ते सगळ्यांकडे ढकलतो, ज्याचं आहे तो घेईल. 'स्विच' हुशार. कुठल्या भोकाला कोण आहे याची तो यादी करत जातो आणि ज्याचं त्यालाच पोचवतो. पत्ता यादीत नसला, तर तेवढ्यापुरतं सगळ्यांना विचारतो.

पावसाळ्यात उंदराने चार नंबरची वायर कुरतडली. बाकीचे अकरा संगणक बिनबोभाट चालू होते. पोरांना स्टारचा फायदा शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

डिसेंबरात अब्बांचं ऑपरेशन झालं. मी अठरा दिवस रजेवर होतो. परत आलो तर आठवीचा मराठीचा वर्ग मी सोडलेल्या पानावरच उभा होता. बदली शिक्षक रोज येत होते, शिकवत होते, पण पोरं तोंडच उघडत नव्हती. जी मुलगी माझ्याशी घडाघडा मराठी बोलायची, तिला विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "सर, आप नहीं थे ना."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

त्याच आठवड्यात लॅबमधले सगळे संगणक एकदम बंद पडल्यासारखे झाले. प्रिंटर नाही, इंटरनेट नाही. मी म्हटलं, "स्विच गेलाय." अर्धा वर्ग दिव्यांच्या बटणांकडे बघायला लागला. डब्याचा अडॅप्टर जळला होता. संगणक सगळे ठणठणीत, वायरी शाबूत, पण कोणी कोणाशी बोलू शकत नव्हतं. मी सवयीने सांगितलं, "हा स्टारचा तोटा. मधला गेला की सगळे एकटे."

वाक्य तोंडातून निघालं आणि मला आठवीचा वर्ग दिसला. पंचेचाळीस पोरं, सगळ्यांच्या वायरी माझ्याकडे. माझ्या वर्गात गेल्या कित्येक वर्षांत एका मुलाने दुसऱ्याला मराठीत प्रश्न विचारलेला मला आठवेना. घरी उर्दू, गल्लीत दखनी, मराठी फक्त सरांशी. उद्या दहावी झाली, सर सुटले, की तलाठी कार्यालयात, बँकेत, एसटीत ही पोरं कोणाशी बोलणार? ज्या गोष्टीचा मला अभिमान वाटत होता, तोच माझ्या शिकवण्यातला दोष होता.

उपायही त्याच पुस्तकात सापडला. मोठ्या इमारतीत एकाच डब्यावर सगळा भार टाकत नाहीत. प्रत्येक मजल्यावर छोटा स्विच असतो आणि ते सगळे मुख्य स्विचला जोडलेले असतात. मुख्य स्विच बंद पडला तरी एका मजल्यावरचे संगणक आपसात बोलू शकतात.

मी वर्गाचे नऊ गट केले. दर सोमवारी गटप्रमुख बदलतो. रोज दहा मिनिटं गटात फक्त मराठी. चुका एकमेकांनीच सुधारायच्या, अडलं तरच माझ्याकडे यायचं. पहिले पंधरा दिवस नुसता हशा. 'मी गेली' म्हणणाऱ्या मुलाला तीन पोरींनी मिळून दुरुस्त केलं, तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो.

गेल्या महिन्यात अब्बांच्या तपासणीसाठी पुन्हा चार दिवस रजा घेतली. परतलो तर फळ्यावर कोणाच्या तरी वाकड्या अक्षरात म्हणींची यादी होती, दोन चुकीच्या. वर्गात गडबड चालू होती. मी दारात उभा आहे हे बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण या वेळी घरी जाऊन बायकोला सांगण्यासारखं खरोखर काही होतं.

लॅबमध्ये आता एक जादा अडॅप्टर कपाटात ठेवलाय.