बेसिनचा नळ

आमच्या साताऱ्याच्या घरातलं बेसिन माझ्या लग्नाच्या किती तरी आधीचं. पांढरं, जाडजूड, कडेचा एक टवका उडालेलं. त्यावरचा पितळी नळ मामंजींनी स्वतःच्या हातांनी बसवला होता, हे नवी नवरी म्हणून आले त्या पहिल्याच आठवड्यात मी तीनदा ऐकलं. मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली. नळ मात्र ठिबकतच होता. वॉशर बदलला की महिनाभर गप्प, पुन्हा आपलं टप् टप्. एका रात्री वैतागून खाली पातेलं ठेवलं, तर सकाळी ते काठोकाठ भरलेलं! आणि आमच्याकडे पाणी एक दिवसाआड.

नळ बदलायचा विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "अगं, ह्यांच्या हातचा आहे तो. राहू दे." मग मी तरी काय बोलणार? राग निघायचा तो मुलांवर. "नळ नीट बंद करायला काय होतं रे तुम्हांला?" हे माझं रोजचं पालुपद.

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. सासूबाई बेसिनपाशी उभ्या होत्या. नळावर पदर गुंडाळून दोन्ही हातांनी तो बंद करायची खटपट चालली होती. बंद काही होईना. शेवटी तसाच सोडून त्या वळल्या आणि मला बघून ओशाळल्या. "दिवाळीपासून मनगटं वळतच नाहीत गं," एवढंच म्हणाल्या. म्हणजे इतके महिने माझं ते रोजचं ओरडणं त्या निमूट ऐकत होत्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्लंबरचं 'उद्या येतो' आठ दिवस चाललं. ह्यांचा रविवार तर कधी उजाडतच नाही. तेव्हा मीच दुकानात गेले. "साहेबांना पाठवा ना वहिनी," म्हणत दुकानदाराने माल काढला : अर्ध्या इंचाचा, लांब दांडीचा पिलर कॉक, अठरा इंची कनेक्शन पाईप, अँगल कॉक आणि टेफ्लॉन टेप. असल्या नळात फिरवत बसावं लागत नाही. दांडी पाव वळसा सरकवली की काम झालं. आत रबरी वॉशरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात.

खरी परीक्षा जुना नळ काढताना. बेसिनखालचा नट गंजून अगदी एकजीव झालेला. शिलाई मशीनचं तेल आदल्या रात्री दोनदा सोडलं, सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं आणि आडवी होऊन पान्हा लावला. जोर करायचा, पण हिसका द्यायचा नाही. बेसिनला तडा गेला असता म्हणजे सगळंच मुसळ केरात! भिंतीतल्या एल्बोची तर मला जास्तच धास्ती. जुना पाइप काढताना तो आत मोडला, की फरश्या फोडण्यावाचून गत्यंतर नाही. नट सुटला तेव्हा माझ्या तोंडातून चक्क "पांडुरंगा!" निघालं.

नळाखाली जुन्या पांढऱ्या सिमेंटचा थर होता. तो बोथट सुरीने खरवडला. अँगल कॉकच्या आट्यांना टेप गुंडाळला, पण चुकून उलटा. आवळताना त्याच्या चिंध्या झाल्या. नट ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने टेप गुंडाळायचा असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. कनेक्शन पाइपाच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागतच नाही. बेसिनचं जुनं भोक नव्या नळाला जरा मोठं पडत होतं, म्हणून वर-खाली रुंद रबरी चकत्या घातल्या. एक शहाणपण मात्र वेळेवर सुचलं. पाइप नळाला जोडण्याआधी त्याखाली बादली धरून पाणी सोडलं. चहासारखं लाल पाणी आलं! तो गंज नव्या नळात गेला असता तर चकत्यांची वाटच लागली असती.

चार तास गेले. हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अरे वा!" असो.

"आई, बघा जरा," म्हणून मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी भीतभीत दांडीला मुठीची मागची बाजू लावली. पाणी आलं. पुन्हा ढकलली, बंद झालं. असं चार-पाचदा झालं. मग मागे वळून हळूच विचारलं, "तो जुना कुठाय गं? भंगारात नाही ना टाकलास?"

नाही, तो मी धुऊन ठेवला होता. संध्याकाळी त्यांनी नातवाकडून चिंच लावून लख्ख घासून घेतला. आता तो त्यांच्या कपाटात, मामंजींच्या चष्म्याशेजारी आहे.

बेसिनखालच्या जोडाशी मात्र सकाळी एक थेंब लोंबताना दिसतो. पान्हा शेजारी परत करण्याआधी तो नट आणखी जरासा आवळायचाय.