सिंधूकाठी बिऱ्हाड

आमच्या ग्वाल्हेरचा जो भाग लष्कर या नावाने ओळखला जातो, तो मुळात एक तळ होता. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी घातली; पुढे तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, पेठा वसल्या आणि छावणीचे शहर झाले. त्या लष्करात आमच्या कित्येक पिढ्या गेल्या. म्हणूनच, एका टेम्पो ट्रॅव्हलरची आसने काढून आम्ही तिच्यात संसार मांडायला घेतला तेव्हा शेजारीपाजारी हसले, पण दादा शांतपणे म्हणाले, "आपण नवे काहीच करीत नाही. विंचवासारखे बिऱ्हाड पाठीवर घेऊनच आपली माणसे इथे आली."

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. वय अडुसष्ट, पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बेत त्यांचाच. 'अटकेपार झेंडे' हा शब्दप्रयोग आपण मराठी माणसे उठताबसता करतो. १७५८ साली राघोबादादांच्या स्वारीत मराठी फौजा लाहोर घेऊन सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या. ते अटक आज पाकिस्तानात आहे. "तिथे जाणे आपल्या हाती नाही," दादा म्हणत, "पण नदी तर तीच ना? ती लडाखातून खाली येते. तिच्यात हात बुडवून येऊ." वहिनींना अटकेचे फारसे अप्रूप नव्हते, पण दादांना एकटे सोडण्याची त्यांची तयारी नव्हती.

अशा रीतीने ऑगस्टच्या अखेरीस आम्ही चौघे निघालो: दादा, वहिनी, सौ. आणि गाडी हाकणारे आम्ही. झोपण्यासाठी चार फळ्या, पाच किलोचा गॅस सिलिंडर, दोन कुकर, पाण्याचे कॅन, आणि वहिनींच्या डब्यांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला व लिंबाचे लोणचे. वहिनींनी देवघरातले तांब्याचे दोन गडूही बरोबर घेतले होते.

ग्वाल्हेरवरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग चंबळ ओलांडून आग्रा, मथुरा, दिल्ली आणि पुढे थेट पानिपतावरून जातो. दिल्लीच्या उत्तरेला दादांनी गाडी बुराडीकडे वळवायला लावली. १० जानेवारी १७६० रोजी याच यमुनाकाठी दत्ताजी शिंदे पडले. आज तिथे दाट वस्ती आहे. मरणाच्या दारात दत्ताजींनी दिलेले उत्तर कोणत्या मराठी मुलाला पाठ नाही? दादा रस्त्याच्या कडेला काही वेळ नुसते उभे राहिले. पानिपतला काला आमच्या स्मारकापाशीही तसेच झाले. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहाराविषयी त्यांनी आम्हांला लहानपणी तासन् तास सांगितले होते. प्रत्यक्ष जागेवर मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

अंबाला, मंडी करीत मनालीस पोहोचलो. २०२० साली खुला झालेला नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा आम्हांला काही मिनिटांतच रोहतांगच्या पलीकडे लाहूलमध्ये घेऊन गेला. पुढे तांडी येते. तिथे चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम होतो आणि प्रवाहाला नाव मिळते चंद्रभागा. पंजाबात तिलाच चिनाब म्हणतात. पंढरपूरच्या नदीचे नाव इतक्या दूर ऐकून वहिनी हरखल्या. "भावजी, जरा थांबवा ना, पायावर पाणी घेऊ," त्या म्हणाल्या. आम्ही घड्याळ पाहिले आणि गाडी पुढे काढली. मुक्काम गाठायचा होता.

खरी चूक तीच होती, घाईची. जिस्पा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० मीटरवर आहे. तिथे एकच रात्र काढून आम्ही दुसऱ्या दिवशी ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड ओलांडली आणि ४,२९० मीटरवरील सरचूला तळ दिला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दर रात्री पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, हा नियम आम्ही वाचलेला होता. एका दिवसात आम्ही त्याच्या दुप्पट चढलो होतो.

त्या संध्याकाळी उघड्या पातेल्यातला भात काही केल्या शिजेना. त्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पाणी पंच्याऐंशी-शहाऐंशी अंशांनाच उकळते. शेवटी कुकर चढवला. दादांनी मात्र ताटाला हात लावला नाही; डोके दुखते म्हणून पडून राहिले. रात्री दोनच्या सुमारास ते उठून बसले आणि त्यांनी विचारले, "शाळेची घंटा झाली का?" आम्हांला वाटले, झोपेत बोलताहेत. वहिनींनी त्यांना उभे केले, तर पाऊल सरळ पडेना.

शेजारच्या तंबूवाल्याने धावत येऊन प्राणवायूचे नळकांडे दिले. काही वेळाने दादा थोडे भानावर आले आणि म्हणाले, "अरे, लेहला मोठे इस्पितळ आहे. पुढेच चला." खरे सांगायचे तर आम्हीही डगमगलो. इतक्या दूर आल्यावर गाडी मागे फिरवायची? पण वहिनींनी तंबूवाल्याला एकच प्रश्न केला: लेहपर्यंत चढ किती? पुढे नकी ला, लाचुंग ला आणि टांगलांग ला अशा तीन खिंडी होत्या, त्यांतली शेवटची ५,३२८ मीटर उंचीची. मध्ये मुक्कामाला खालची जागा नव्हती. मागे एकच खिंड होती. "भावजी, गाडी वळवा," वहिनी म्हणाल्या. त्या आवाजापुढे बोलणे नव्हते.

उजाडण्याचीही वाट न पाहता आम्ही निघालो. बारालाचाच्या चढावर वहिनी दादांचा हात हातात धरून बसल्या होत्या. भागा नदी जिथून निघते ते सूरजताल डाव्या-उजव्या कोणत्या हाताला गेले, हेही आमच्या लक्षात राहिले नाही. दारचा मागे टाकले, जिस्पा गेले, आणि केलाँग जवळ आले तेव्हा दादांनी चहा मागितला. वहिनींच्या डोळ्यांना तोवर न आलेले पाणी तेव्हा आले.

केलाँगच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वेळेवर खाली आणलेत. मेंदूला सूज येऊ लागली होती. आता यंदा पुन्हा वर जायचे नाही. दादांनी मान हलवली. संध्याकाळी ते म्हणाले, "दत्ताजींचे ते शब्द मी पस्तीस वर्षे वर्गात सांगितले, ते कसे मरावे हे शिकवण्यासाठी. पण त्या शब्दांत पहिली गोष्ट वाचण्याची आहे रे. पानिपतावरून महादजी अधू पायाने परतले, म्हणून तर १७७१ साली आपल्या फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या तेव्हा ते त्यांत होते. आणि म्हणून ग्वाल्हेर, म्हणून आपण."

चार दिवसांनी दादांच्याच आग्रहाने आम्ही उभयता पुढे निघालो. ते आणि वहिनी केलाँगलाच खोली घेऊन राहिले. या खेपेस भल्या पहाटे निघालो, उंचीवर मुक्काम केला नाही. गाटाची एकवीस वळणे, पांगचे चहाचे तंबू, मोरेचे पठार आणि टांगलांग ला ओलांडून दिवस कलताना उपशीला उतरलो. तिथे रस्त्याला सिंधू भेटते. उघड्याबोडक्या डोंगरांमधून जाणारे करड्या रंगाचे, वेगवान पाणी. दादा असते तर काय बोलले असते, याचा विचार करीत आम्ही एक गडू भरला.

परत केलाँगला आलो तेव्हा दादा ओसरीत बसले होते. आम्ही गडू पुढे केला. त्यांनी त्यात बोटे बुडवून डोळ्यांना लावली. मग वहिनींनी आतून दुसरा गडू आणला. आमच्या मागे दोघे बसने तांडीला जाऊन संगमावर पाय धुऊन आले होते; त्यात चंद्रभागेचे पाणी होते. "तुमची नदी अटकेवरून जाते," दादा हसून म्हणाले, "आमची पंजाबातून फिरून शेवटी तिलाच मिळते. मग कोण पुढे गेले आणि कोण मागे राहिले?"

वाचकांपैकी कुणी या वाटेने जाणार असतील, तर त्यांना एवढेच सांगणे: मनालीनंतर जिस्पा किंवा केलाँगला निदान दोन रात्री काढा, कुकर विसरू नका, आणि बरोबरचे माणूस असंबद्ध बोलू लागले तर उजाडण्याची वाट पाहू नका. आणि हो, घरच्या बाईने तांडीला थांबा म्हटले, तर थांबा.

ते दोन्ही गडू आता आमच्या लष्करातल्या देवघरात शेजारी शेजारी आहेत.