एक कीं दोन?

वस्तूस नांव देणें सोपें. परंतु ती एक कीं दोन हें ठरविणें किती कठीण आहे, हा धडा मला साठी उलटल्यावर माझ्या पुतणीनें दिला.

आमच्या घरीं वडिलांच्या वेळच्या ध्वनिमुद्रिकांची एक पेटी आहे. गेल्या चातुर्मासांत पुतणी त्यांची नोंद संगणकावरील 'म्युझिकब्रेन्झ' या सूचींत करीत होती. जगभरचे संगीतप्रेमी आपण होऊन ही सूची वाढवीत असतात. मी तबकड्या पुसून एकेक तिच्या हातीं देत होतों. मध्येंच तिनें विचारलें, "काका, ध्वनिमुद्रण म्हणजे नेमकें काय हो?"

"तबकडी, दुसरें काय?" मीं म्हटलें.

"मग केसरबाई केरकरांची भैरवी घ्या. 'जात कहाँ हो' ही त्यांची चीज १९७७ सालीं 'व्हॉयेजर' नांवाच्या दोन यानांबरोबर, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन तबकड्यांवर अंतराळांत गेली. म्हणून केसरबाई दोनदां गाइल्या असें का म्हणायचें? आणि फितीवर किंवा संगणकांत जें सांठविलें आहे, तें ध्वनिमुद्रणच नव्हे काय?"

माझ्या लक्षणावर अव्याप्तीचा दोष आला, हें तर्कसंग्रह पढलेल्या मला कबूल करणें भाग होतें. मीं दुसरें लक्षण केलें: "त्याच गायकानें गाइलेलें तेंच पद, तें एक ध्वनिमुद्रण."

"आणि तेंच पद त्यांनीं दहा वर्षांनीं पुन्हां गाइलें तर?"

आतां अतिव्याप्ति झाली! अखेर तिनेंच सूचीचा नियम सांगितला. पद ही एक वस्तु. तें एका वेळीं गाऊन टिपलें गेलें तें ध्वनिमुद्रण ही दुसरी. आणि तें ज्यावर बाजारांत आलें ती तबकडी ही तिसरी. जुन्या मुद्रणांतील खरखर काढून तेंच नव्यानें प्रसिद्ध केलें, तरी नोंद एकच राहते. गायकानें तेंच पद पुन्हां गाइलें, तर मात्र नोंद निराळी. ग्रंथ, पाठ आणि पोथी यांचा भेद तो हाच. भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं शेंकडों पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, ती असे भेद टिपूनच.

इतक्यांत तिच्या हातीं एका अभंगाची तबकडी आली. लेबलाच्या कडेस तबकडींतच उमटलेले बारीक अंक भिंगानें वाचून ती म्हणाली, "हा साच्याचा क्रमांक. गाणें पुन्हां गाऊन घेतलें कीं हा किंवा याच्यापुढचा अंक पालटतो. लेबलावरचें नांव मात्र तेंच राहतें. याची दुसरी प्रत आहे का?"

मी निरुत्तर झालों. दुसरी होती. वाडा सोडतांना, एकाच अभंगाच्या दोन तबकड्या कशास, म्हणून ती मींच भंगारवाल्यास दिली. अंक पाहिले नाहींत. आईची दृष्टि तेव्हां गेलेली होती. नव्या घरीं हा अभंग लावला कीं ती म्हणे, "ही नव्हे रे, दुसरी लाव." मला तें म्हातारपणाचें खूळ वाटे. मी तीच तबकडी उचलून पुन्हां ठेवीं आणि "ही घे दुसरी" म्हणें. ती कांहीं बोलत नसे. शेवटपर्यंत ऐकून घेई.

आज त्या अभंगाची सूचींत एकच नोंद आहे. दुसरी करावयास माझ्यापाशीं तबकडी नाहीं, अंक नाहीं, आणि जिला भेद ठाऊक होता ती आईही नाहीं. ज्यांच्या घरीं अशा पेट्या असतील त्यांनीं, दुहेरी म्हणून कांहीं टाकण्यापूर्वीं, कडेचे अंक तेवढे वाचावे. आणि घरांत कोणी ऐकणारें वडीलधारें माणूस असेल, तर त्यास आधीं विचारावें.