पुढच्या वर्षी आणा

बालवाडीतून एखाद्या मुलाला काढून टाकलं, असं कुठल्या हजेरीपटावर लिहिलेलं सहसा सापडत नाही. आईला दारात थांबवून हळू आवाजात सांगितलं जातं, "अजून लहान आहे हो, पुढच्या वर्षी आणा." किंवा डब्याच्या सुट्टीनंतर रोज फोन जातो, "आज फार त्रास देतोय, घेऊन जा." आईचं काम बुडायला लागतं आणि मग तीच त्याला आणायचं थांबवते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बालवाडीत मी बरीच वर्षं शिकवते आहे. मुलं अशी गळताना मी पाहिली आहेत. म्हणूनच जो गळला नाही, त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

आमच्याकडे पद्मशाली घरांतली मुलं पुष्कळ. घरात तेलुगू, गल्लीतही तेलुगू. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई आणि आजी घरी विड्या वळणार. शाळा मात्र मराठी. जूनमध्ये लहान गटात आलेल्या अशा मुलाला बाई काय म्हणतात ते धड कळत नाही. बहुतेक मुलं शेजारच्याकडे बघून निभावून नेतात. हा मुलगा तसा नव्हता. साडेतीन वर्षांचा, अंगानं दणकट. ढकलायचा, केस ओढायचा आणि चावायचा. दातांचे वळ शाळा सुटेपर्यंत दिसत राहायचे.

एका मुलीच्या दंडाला तो असा चावला की दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकातच उभी राहिली. "माझी पोरगी मार खायला येत नाही इथं," ती म्हणाली. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. अवघड वागणाऱ्या मुलाची बाजू घेताना, ज्याला लागलं त्या मुलाकडे दुर्लक्ष झालं तर आपली बाजूच पोकळ ठरते. तिच्या मुलीला मी माझ्याजवळची जागा दिली आणि तिचा दिवस कसा गेला ते रोज सुटताना तिच्या आईला सांगू लागले. तरीही आणखी काही पालक कार्यालयात गेले, आणि संस्थेकडून अपेक्षित निरोप आला: त्याला पुढच्या वर्षी घ्या. मुख्याध्यापिका बाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. त्या तेव्हा ठाम राहिल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं. वर्गातल्या बाईची इच्छा कितीही असो, तिच्या पाठीशी कुणी उभं नसेल तर ते मूल टिकत नाही.

मी एक वही केली. तो चावला किंवा चावायला धावला की तीन गोष्टी लिहायच्या: त्याच्या आधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं आणि नंतर आम्ही काय केलं. वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांची ही जुनी, साधी रीत आहे. तिला खर्च काहीच नाही, फक्त तापलेल्या डोक्यानं लिहायचं नाही.

वहीनं मला पुष्कळ शिकवलं. वाळूत खेळताना तो कधीच कुणाला चावला नव्हता. ठोकळे घेऊन बसला की तासभर त्याचा आवाज नसे. जे काही व्हायचं ते एक गोष्ट संपून दुसरी सुरू होताना: खेळणी आवरताना, हात धुवायच्या नळाशी रांग लागल्यावर, सुटताना चपलांच्या गर्दीत. तिसरा रकाना तर डोळे उघडणारा होता. तो चावला की त्याला रांगेतून काढून मदतनीस मावशींकडे द्यायचं, अशी पद्धत होती. मावशी त्याला पाणी देत, शेजारी बसवून घेत. थोडक्यात, चावलं की गर्दीतून सुटका होते, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

आमच्या मावशी तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनीच सांगितलं, "बाई, तो रांगेत 'वद्दु, वद्दु' म्हणतोय. नको म्हणतोय." तो आधी तोंडानं सांगत होता. ते कुणाला कळत नव्हतं, म्हणून पुढे दात येत होते.

मग आम्ही त्याला बदलण्याऐवजी दिवसाची आखणी बदलली. प्रार्थना, खेळ, हात धुणं, डबा, गोष्ट, घर अशी चित्रं काढून भिंतीवर त्याच्या उंचीला लावली. एक काम संपण्याआधी थोडा वेळ मावशी त्याच्याजवळ जाऊन तेलुगूत सांगत, आता खेळ संपणार, मग नळावर जायचं. नळावरची रांगच मोडली, तीन-तीन मुलं पाठवू लागलो. डब्याच्या वेळी सतरंजी अंथरायचं काम त्याच्याकडे दिलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तळहात पुढे करून "नको" म्हणायला शिकवलं. तो "नको" म्हणाला की हातातलं काम टाकून आम्ही तिथे जायचो, मग ते "नको" मान्य करता येण्यासारखं असो वा नसो. शब्दानं काम होतंय हे पटल्याशिवाय कुठलंही मूल दातांचा उपयोग सोडणार नाही.

त्याची आई फाटकात मान वर करून बघत नसे. शाळेनं बोलावलं म्हणजे तक्रारच, हे तिला ठरलेलं. मी रोज एक तरी चांगली गोष्ट चार बायांसमोर मुद्दाम मोठ्यानं सांगू लागले. आज सतरंजी नीट घातली. आज रडणाऱ्याला रुमाल दिला. हळूहळू ती बोलती झाली. घर एका खोलीचं, भिंतीला लागून मागाची शेड, रात्रपाळीचा खडखडाट, मुलगा उशिरापर्यंत जागा. खोली बदलणं तिच्या हातात नव्हतं, पण ती त्याला दुपारी निजवू लागली. तिच्याबरोबर जाऊन सरकारी रुग्णालयात त्याचे कानही तपासून आणले, कारण सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मुलाला कमी ऐकू येतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. कान चांगले निघाले. अंगणवाडीतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणीची सोय आहे. खासगी बालवाडीतल्या गरीब मुलाला हे सगळं कुणीतरी सोबत गेलं तरच मिळतं.

दिवाळीपर्यंत चावणं जवळजवळ थांबलं. सुट्टीनंतर ये रे माझ्या मागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका मुलाचा कान चावला आणि कार्यालयात पुन्हा तोच विषय निघाला. या वेळी मी वही पुढे ठेवली. पानापानावर तारखा होत्या, दोन घटनांमधलं अंतर वाढत गेलेलं दिसत होतं. वादापेक्षा वही बरी पडली. चित्रं, सतरंजी, "नको" हे सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं आणि तो पुन्हा सावरला.

शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण तो कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांचा. साडेतीन वर्षांच्या मुलाला ते कवच नाही, आणि सगळ्यांत सहज घरी पाठवलं जातं ते त्यालाच. हे इथलंच आहे असंही नाही. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या वॉल्टर गिलियम यांनी 40 राज्यांतल्या सरकारी बालवर्गांचा अभ्यास करून 2005 मध्ये मांडलं, की तिथून मुलांना काढून टाकण्याचं प्रमाण मोठ्या मुलांच्या शाळांच्या तिपटीहून अधिक आहे. ज्या शिक्षिकांना वर्तनाबद्दल सल्ला देणारा तज्ज्ञ वर्गात मिळत होता, त्यांच्या वर्गांत हे प्रमाण कमी होतं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. मला तज्ज्ञ मिळाला नाही, मावशी मिळाल्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्या शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी ही कल्पना तिथली. ज्या राज्यात हे घडलं, तिथे आपण दारापर्यंत आलेल्या मुलाला परत पाठवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तो मुलगा आता पहिलीत आहे. अजून चिडतो, पण चावत नाही.

संस्था चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. "पुढच्या वर्षी आणा" म्हणण्याआधी त्या वर्गात आणखी एक माणूस द्या, शक्यतो मुलांच्या घरची भाषा येणारा. बाईंच्या हातात एक वही द्या आणि दिवाळीपर्यंतचा वेळ द्या. लागलेल्या मुलाच्या पालकांना स्वतः भेटा, ते ओझं एकट्या बाईंवर टाकू नका. आणि मुलाला लवकर घरी पाठवलंत तर ते पटावर लिहा, तारखेसह.