मुलीच्या हाती कोणते सॉफ्टवेअर द्यावे?

आजकाल आपल्या वस्त्यांतील मुले-मुली संकेतस्थळे तयार करण्याचे, म्हणजे वेब डिझाइनचे, काम शिकू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. या कामाला दुकानाचा गाळा लागत नाही. एक संगणक आणि इंटरनेट असले म्हणजे घरी बसून चार पैसे मिळवता येतात. परंतु शिकणाऱ्या प्रत्येकापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. छायाचित्रे कापायची, उजळायची, त्यांचा आकार लहान करायचा, तर त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? हा प्रश्न मुलांचा आहे तसा पालकांचाही आहे. कारण त्यात पैसा आहे आणि कायदाही आहे.

आमच्या नात्यातच हा प्रश्न आला. आमची भाची बारावीनंतर एका खासगी क्लासमध्ये हे काम शिकली. क्लास संपताना तेथील शिक्षकांनी मुलांना पेन ड्राइव्हवर फोटोशॉप भरून दिले. ते कुलूप तोडलेले, म्हणजे चोरीचे होते. आमचे दाजी गोदामात हमाली करतात. त्यांना वाटले, शिक्षकांनीच दिले म्हणजे फीमध्ये आले असेल. भाचीला मात्र खरे ठाऊक होते. ती म्हणाली, "मामा, सगळेच असे वापरतात. विकत घ्यायला पैसे कुठे आहेत आपल्याकडे?"

तिचा प्रश्न रास्त होता. फोटोशॉप हे अ‍ॅडोबी कंपनीने १९९० साली बाजारात आणले आणि या धंद्यात त्याचेच नाव मोठे झाले. पूर्वी ते एकदा विकत घेतले की आपले होत असे. २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाड्यानेच मिळतात. भाडे थांबले की काम थांबले. शिवाय अलीकडच्या आवृत्त्यांना संगणकात निदान ८ जीबी रॅम हवी. दाजींनी घेतलेला जुना संगणक तेवढा ताकदीचा नव्हता.

म्हणून चोरीचे वापरावे काय? आमच्या मते मुळीच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ६३-ब हे कलम आहे. चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर कैद आणि दंड या दोन्हींची तरतूद त्यात आहे. धंद्यासाठी वापरणाऱ्याला सवलतही नाही. त्यातून कुलूप तोडलेल्या प्रतीबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. क्लासवाल्याचे काही जात नाही. संगणक आपला, नाव आपल्या मुलीचे.

आम्ही कारकुनी करणारे. वही काढली आणि दोन रकाने पाडले. एका बाजूला दरमहा जाणारे भाडे, दुसऱ्या बाजूला दरमहा येणारी कमाई. दुसरा रकाना अजून कोराच होता. तेव्हा आधी फुकट आणि कायदेशीर काय मिळते ते पाहायचे ठरले.

विचारपूस करता जिम्प हे नाव कळले. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतले. पुढे अनेकांनी आपला वेळ देऊन ते वाढवले. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. ते वापरायला पैसे नाहीत, त्यावर धंदा करायलाही मनाई नाही. एवढेच नव्हे, तर त्याची प्रत दुसऱ्याला देण्याची मोकळीक त्याच्या परवान्यातच लिहिलेली आहे. म्हणजे पेन ड्राइव्ह तोच, पण त्यावर जिम्प भरून दहा मुलांना वाटले तरी कोणाचा गुन्हा होत नाही.

याच सुमारास शेजारच्या, जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एका बाईंनी भाचीला संकेतस्थळाचे काम दिले. थाळीची छायाचित्रे मोबाइलवर काढलेली होती. अशी छायाचित्रे बहुधा ४००० ठिपके रुंद आणि तीन-चार एमबी वजनाची असतात. तशीच टाकली तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो आणि त्याचा डेटाही खर्च होतो. भाचीने जिम्पमध्ये रुंदी १२०० ठिपक्यांवर आणली, जेपीईजी करताना दर्जा ८० च्या आसपास ठेवला, आणि प्रत्येक छायाचित्र २०० केबीच्या आत बसले. डोळ्याला फरक दिसत नव्हता. मूळ काम जिम्पच्या स्वतःच्या प्रकारात जपून ठेवायचे आणि संकेतस्थळासाठी वेगळी प्रत काढायची, ही सवय तिने लावून घेतली.

बोधचिन्हासाठी तिने इंकस्केप घेतले. तेही फुकट आहे. त्यात चित्र ठिपक्यांचे नसून रेषांचे असते, म्हणून कितीही मोठे केले तरी फाटत नाही. संगणक फारच कमजोर असेल तर फोटोपी हे ब्राउझरमध्येच चालते. त्यात जाहिराती दिसतात, पण फोटोशॉपची फाइलही उघडते.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी त्यात 'शिष्यवृत्ती' आणि 'कष्टकऱ्यांच्या' असे दोन शब्द युनिकोडमध्ये लिहून बघावेत. जोडाक्षरे तुटली किंवा वेलांटी भलत्या जागी गेली, तर आधी सेटिंग तपासावे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही भारतीय लिपीसाठीची सोय चालू करावी लागत असे. आणि शक्यतो मजकूर चित्रात कोंबूच नये, पानावर अक्षरांतच ठेवावा. नाहीतर अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तो वाचता येत नाही.

फोटोशॉप वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. नोकरीच्या जाहिरातींत ते मागतात, आणि मोठ्या कंपनीत तेच चालते. पण थर कसे रचावेत, चित्र कुठे कापावे, रंग कसा सावरावा हे एकदा हाताला बसले की एका सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर जाणे महिन्याभराचे काम आहे. कमाईतून भाडे निघू लागले, गिऱ्हाइकाची गरजही तशीच असली, की खुशाल घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

डब्यांच्या कामाचे पैसे फार नव्हते. परंतु बिलावर स्वतःचे नाव लिहिताना भाचीच्या मनात कसली धास्ती नव्हती. तो संगणक कोणी तपासला असता तरी दाजींना मान खाली घालावी लागली नसती.

पालक बंधू-भगिनींनो, मूल क्लासला जात असेल तर फी भरतानाच विचारा, की शिकवण्यासाठी वापरता ते सॉफ्टवेअर परवान्याचे आहे काय? असा प्रश्न विचारायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. आणि ज्या मुलांना जिम्प येते त्यांनी रविवारी दोन तास काढून शेजारच्या मुलांना शिकवावे.